ऑक्टोपस परग्रहावरून आलाय का? माणकीच्या आरएनएची गोष्ट

जांबोटीचा_मास्तर
शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात तास संपता संपता नववीचा एक मुलगा उभा राहिला. "सर, ऑक्टोपस परग्रहावरनं आलाय म्हणं. त्याचा डीएनए हितला न्हाईच." मामाच्या मोबाइलवर व्हिडिओ आला होता. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघायला लागला. पाच मिनिटांत उरकण्यासारखा प्रश्न नव्हता. "शनिवारी सांगतो" म्हटलं आणि आठवडाभर वाचत बसलो. आज सकाळच्या शाळेत सांगून आलो. तेच इथे सविस्तर मांडतो, कारण तो व्हिडिओ आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या बऱ्याच गटांत फिरतोय.

आधी ती परग्रहाची भानगड. २०१५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ऑक्टोपसचा पहिला संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएतला सगळा मजकूर, छापून आला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा ऑक्टोपस, डोळ्यांखाली दोन निळे ठिपके असलेला. साधारण २७० कोटी अक्षरं आणि प्रथिनं बनवणारी ३३ हजारांच्या वर जनुकं. माणसाची अक्षरं ३०० कोटींच्या घरात, पण अशी जनुकं २० हजारांच्या आसपासच. त्या गटातले शिकागो विद्यापीठाचे क्लिफ्टन रॅग्सडेल तेव्हा कौतुकाने म्हणाले, की एक जुने ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑक्टोपसला परग्रहवासी म्हणत, तर मग हा परग्रहवासीयाचा पहिला जीनोम समजा. बातमीवाल्यांनी ते शब्दशः घेतलं. पुढे २०१८ मध्ये ३३ लेखकांचा एक लेख आला. ऑक्टोपसची अंडी बर्फाळ उल्कांतून पृथ्वीवर पडली असतील, असं त्यात सुचवलं होतं. पुरावा नव्हता, जीवशास्त्रज्ञांनी तो मानला नाही. व्हिडिओत मात्र "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" असं होऊन आलं.

खरं उत्तर त्या २०१५ च्या जीनोमातच आहे. ऑक्टोपसची जनुकं गोगलगाय, शिंपले, कालवं यांच्याच घराण्यातली आहेत हे उघड दिसतं. पावसाळ्यात परसातल्या दोडक्याच्या वेलावर चढते ती गोगलगाय ऑक्टोपसची लांबची चुलत बहीण. फरक असा, की या शाखेत काही जनुकांची कुटुंबं भरमसाट वाढली. मेंदूच्या पेशींना एकमेकींशी जोडून घ्यायला मदत करणारी प्रोटोकॅडेरिन नावाची जनुकं तिथे १६८ आहेत, सस्तन प्राण्यांच्या दुपटीहून जास्त. शिवाय जनुकांची जुनी मांडणी विस्कटली. शरीराचा पुढचा-मागचा भाग ठरवणारी हॉक्स जनुकं बहुतेक प्राण्यांत एका ओळीत बसलेली असतात, ऑक्टोपसात ती पांगलेली सापडली. घर तेच, फक्त आतलं सामान हलवलेलं.

पोरांना हे नुसतं सांगून पटत नाही. गोव्याहून चोर्ल्यातून वर येणारा माशांचा टेम्पो जांबोटीत थांबतो. आज सकाळी तिथून दोन माणक्या घेतल्या, हाताच्या पंजाएवढ्या. माणकी म्हणजे स्क्विड, ऑक्टोपसच्याच घराण्यातली. बाकावर वर्तमानपत्र अंथरलं. स्वयंपाकघरात आपण डोकं धरून ओढतो आणि आतडी, शाईची पिशवी सगळं एकदम बाहेर येतं. तसं केलं नाही. पोटाच्या बाजूने कात्रीने उभा छेद दिला आणि पिशवी वहीसारखी उघडली. आतल्या भिंतीवर मानेच्या जवळ दोन्ही बाजूंना एकेक चांदणी दिसते. मधे बारीक गाठ आणि तिच्यातून पंख्यासारख्या फुटलेल्या पांढरट दोऱ्या. पोरांनी टॉर्च धरला तेव्हा शेपटाकडे जाणारी सगळ्यात जाड दोरी अगदी स्पष्ट दिसली. हिच्यात माणकीचा महाअक्षतंतू असतो, म्हणजे मज्जापेशीचा संदेश नेणारा लांब, जाड धागा. अटलांटिकातल्या मोठ्या माणकीत हा एकच तंतू जवळपास १ मिलिमीटर जाड भरतो. आपला तंतू त्याच्यापुढे केसाहूनही बारीक. तो एवढा जाड असल्यामुळेच हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांना त्याच्या आत तार घालून मज्जासंदेश मोजता आला. १९५२ चं काम, १९६३ चं नोबेल.

आता मुद्दा. याच मज्जासंस्थेत ती गोष्ट घडते जिच्यामुळे लोकांना ऑक्टोपस वेगळ्या दुनियेतला वाटतो.

डीएनए म्हणजे तलाठ्याच्या कपाटातलं मूळ दप्तर समजा. त्यावरून पेशी झेरॉक्स काढते, ती आरएनए. त्या झेरॉक्सवरून प्रथिन तयार होतं. आपल्या शरीरात बहुतेक वेळा झेरॉक्स जशी निघाली तशीच वाचली जाते. माणकीच्या मेंदूत एडार नावाचं एन्झाइम पेन घेऊन बसलेलं असतं. ते झेरॉक्सवरच्या 'ए' अक्षराला थोडं बदलून 'आय' करतं, आणि प्रथिन बनवणारं यंत्र तो 'आय' 'जी' म्हणून वाचतं. अक्षर बदललं, प्रथिनाच्या माळेतला एक मणी, म्हणजे अमिनो आम्ल, बदलला. मूळ दप्तराला हात नाही.

हे माणसातही होतं. आपल्याकडे अशा लाखो जागा आहेत, पण जवळजवळ सगळ्या प्रथिनाशी संबंध नसलेल्या भागात. प्रथिन बदलणाऱ्या आणि सस्तन प्राण्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या जागा काही डझन. २०१५ मध्ये अटलांटिकच्या माणकीत प्रथिन बदलणाऱ्या ५७,१०८ जागा मोजल्या गेल्या. तिच्या मज्जासंस्थेतल्या निम्म्याहून जास्त आरएनएंवर कुठे ना कुठे पेन चाललेलं. २०२० मध्ये आणखी एक कळलं. हे काम पेशीच्या केंद्रकातच होतं असं सगळे धरून चालले होते, माणकीत मात्र ते त्या लांब अक्षतंतूच्या आतही चालतं. मी दोरी दाखवून हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे येऊन वाकून बघायला लागली.


कॅम्पातली_काकू
शनिवार, रात्री ९:४८

मास्तर, तीस वर्षं माणक्या साफ करते, ती चांदणी कधी पाहिली नाही. उद्या रविवार आहेच. पोटाकडून कापायचं म्हणजे ज्या बाजूला ती काचेसारखी पात असते तिच्या उलट बाजूने ना?


जांबोटीचा_मास्तर
शनिवार, रात्री ९:५५

बरोबर काकू. पात पाठीकडे असते. ताजी माणकी घ्या, बर्फात फार दिवस राहिली की दोऱ्या विरघळल्यासारख्या होतात. आणि ती पात टाकू नका, तिच्याबद्दल सांगायचं राहिलंय.


येळ्ळूरचं_शिवार
शनिवार, रात्री १०:२०

मास्तर, लई चांगलं लिवलासा. खरं एक कळंना मला.

आमी बासमती करतोय. चांगल्या वासाचं, बारीक दाण्याचं कणीस बघून बी ठेवायचं, फुडच्या वर्सी परत निवडायचं, असं वर्सानुवर्सं चालतंय तवा कुठं वाण हाताला लागतोय. म्हंजे बदल बियात झाला तरच तो फुडं जातोय. हितं तुमी म्हणतासा की बदल झेरॉक्सवर होतोय. मग तो पिल्लास्नी मिळतोय काय? मिळत नसंल तर ५७ हजार जागांचा उपेग काय? आणि उपेग असंल तर सगळ्या जनावरांनी तीच वाट का धरली न्हाई?


जांबोटीचा_मास्तर
शनिवार, रात्री १०:५५

आठवडाभर मी ज्या प्रश्नापाशी अडकलो होतो तोच तुम्ही विचारलात.

झेरॉक्सवरचा बदल पिल्लाला जात नाही. जातं ते दप्तर. पण पेन कुठे चालवायचं हेही दप्तरातच लिहिलेलं असतं, आणि ते मोठ्या अडचणीच्या पद्धतीने. एडार कोणत्याही झेरॉक्सवर पेन चालवत नाही. आरएनएची पट्टी स्वतःवरच दुमडून दुपदरी झाली असेल तिथेच ते बसतं. ती घडी नेमकी पडण्यासाठी आजूबाजूची बरीच अक्षरं एकमेकांशी जुळावी लागतात. त्यातलं एखादं अक्षर दप्तरात चुकून बदललं की घडी बिघडते, पेन बसत नाही, सोय गेली. म्हणून निसर्ग त्या शेजारच्या अक्षरांत बदल टिकू देत नाही.

२०१७ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या नोआ लिस्कोविच-ब्राउअर आणि एली आयझेनबर्ग, आणि अमेरिकेतल्या वूड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेचे जोशुआ रोझेंथाल यांनी 'सेल' या नियतकालिकात हेच दाखवलं. दोन ऑक्टोपस, एक माणकी आणि एक माकूल (कटलफिश) अशा चार प्राण्यांत हजारांच्या वर संपादनाच्या, म्हणजे पेन चालण्याच्या, जागा अगदी त्याच आहेत, आणि अशा जागांच्या आजूबाजूला डीएनएचे बदल कमी सापडतात. कोट्यवधी वर्षं तो भाग गोठल्यासारखा. यांच्याच घराण्यातल्या, पण बाहेरचा शंख जपून असलेल्या नॉटिलसात हा प्रकार फारच कमी आहे. त्याची वाट ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी यांच्यापासून वेगळी झाली.

म्हणजे ही सोय फुकटची नाही. झेरॉक्सवर रोज बदल करण्याची मोकळीक मिळाली, त्याची किंमत म्हणून मूळ दप्तर बदलण्याची मोकळीक गेली. बियाणं निवडून नवा वाण काढायचा तुमचा रस्ता यांनी त्या भागांपुरता स्वतःच बंद करून घेतला. बाकी प्राण्यांनी ही वाट का धरली नाही त्याचं निम्मं उत्तर मला यात दिसतं.


मलप्रभा_काठची
रविवार, सकाळी ७:३२

मास्तर, धागा वाचून राहवलं नाही. मी खानापूरची, सध्या बेंगळुरात जीनोमच्या आकडेमोडीचं काम करते. एक बाजू मांडते, कारण ती मांडल्याशिवाय हे चित्र अर्धं राहील.

५७ हजार जागा म्हणजे ५७ हजार फायदे नव्हेत. त्यातल्या बऱ्याच जागांवर शंभरातल्या दोन-चार झेरॉक्सच बदललेल्या असतात. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या दाओहान जिआंग आणि जियानझी झांग यांनी मांडलं, की यातलं बहुतेक संपादन उपयोगासाठी आलेलंच नाही. त्यांचा युक्तिवाद असा. समजा एके ठिकाणी दप्तरात 'जी' होता आणि तोच योग्य होता. तो चुकून 'ए' झाला. साध्या प्राण्यात ही चूक महाग पडेल, तो प्राणी मागे पडेल. पण जिथे एडारचं पेन आधीच चालतंय तिथे 'ए' परत 'जी' म्हणून वाचला जातो, चूक झाकली जाते. अशा चुका साठत गेल्या की पेन काढून घेणं अशक्य होतं. पाय मोडला नव्हता तेव्हा हातात काठी होती, काठीच्या भरवशावर पाय अधू होत गेला, आता काठीशिवाय उभं राहता येत नाही.

तेल अवीवच्या गटाने २०२१ मध्ये याला उत्तर दिलं. सरसकट सगळ्या जागा उपयोगी आहेत असं त्यांचंही म्हणणं नाही. पण ज्या जागा अनेक जातींत टिकून आहेत आणि जिथे संपादन जोरात होतं, तिथे निवडीच्या खुणा स्पष्ट आहेत असं ते दाखवतात. मला स्वतःला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं. ढिगातला मोठा भाग निरुपयोगी किंवा नुसता काठीसारखा, आणि त्यात थोड्या जागा खरोखर मोलाच्या. मुलांना सांगताना "ऑक्टोपसची जादू" असं सांगू नका, एवढीच विनंती.


जांबोटीचा_मास्तर
रविवार, सकाळी ८:०५

ताई, काठीचा दाखला सोमवारी वर्गात वापरतो. हा वाद मला माहीत नव्हता आणि तो कळणं गरजेचं होतं.

मोलाच्या जागांबद्दल मात्र दोन प्रयोग लिहितोच. २०१२ मध्ये गॅरेट आणि रोझेंथाल यांनी अंटार्क्टिकाच्या बर्फाळ पाण्यातला ऑक्टोपस आणि पोर्टो रिकोच्या उबदार पाण्यातला ऑक्टोपस यांचं पोटॅशियमच्या दाराचं जनुक तुलनेला घेतलं. मज्जासंदेश संपवायला हे दार उघडतं आणि मिटतं. थंडीत सगळी प्रथिनं मंदावतात, दार उशिरा मिटलं तर पुढचा संदेश अडतो. दोघांच्या दप्तरांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, नुसत्या दप्तरावरून बनवलेली दारं सारखीच चालली. फरक झेरॉक्सवर होता. अंटार्क्टिकाचा ऑक्टोपस एका ठिकाणी आयसोल्युसीन नावाच्या मण्याच्या जागी व्हॅलीन बसवतो आणि दार दुपटीहून जास्त वेगाने मिटतं. इतर समुद्रांतल्या जाती तपासल्या तर पाणी जितकं थंड तितकं त्या जागेचं संपादन जास्त.

दुसरा २०२३ चा. कॅलिफोर्नियाचाच ऑक्टोपस, काही १३ अंश तर काही २२ अंश पाण्यात ठेवले. ६० हजारांवर जागांपैकी सुमारे २० हजार जागांचं प्रमाण बदललं, बहुतेक ठिकाणी थंडीत वाढलं. बदल काही तासांत सुरू होतो आणि चारेक दिवसांत स्थिरावतो. समुद्रातून हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पकडलेल्या ऑक्टोपसांतही असाच फरक मिळाला. पेशीच्या आत माल वाहून नेणारं कायनेसिन आणि मज्जापेशीतून रसायन सोडवणारं सिनॅप्टोटॅग्मिन, या दोघांची चाल खरोखर बदलते का तेही प्रयोगशाळेत तपासलं. बदलते.

आपल्यासारखी अंगातली ऊब ऑक्टोपसला राखता येत नाही. डिसेंबरात पहाटे कणकुंबीला जाताना आपण स्वेटर घालतो. त्याला मज्जासंस्थेतली प्रथिनंच बदलून घ्यावी लागतात.


वडगावचा_विणकर
रविवार, सकाळी ११:१५

आमच्या घरात तीन पिढ्या माग आहेत. मी हे असं समजून घेतलं, चुकलं तर सांगा.

जकार्डवर नक्षीचे पत्ते लागतात. पत्त्यातली भोकं बदलायची म्हणजे नवे पत्ते पाडायचे, ओवायचे, खर्च आणि दिवस जातात. पण पत्ते तेच ठेवून बाण्याचा दोरा बदलला की त्याच नक्षीची साडी वेगळी दिसते. गिऱ्हाईक सणाला एक रंग मागतं, लग्नसराईला दुसरा. आम्ही धोट्यातली कांडी बदलतो, पत्त्यांना हात लावत नाही. आणि किंमतीचंही पटलं. एकदा गिऱ्हाइकांना त्या नक्षीची सवय लागली की पत्ते बदलायची हिंमत होत नाही.


मलप्रभा_काठची
रविवार, दुपारी १२:४०

छान बसतंय. फक्त एक: तुमच्याकडे पूर्ण साडीत दोरा बदलतो. माणकीत एकाच वेळी काही झेरॉक्स बदललेल्या आणि काही न बदललेल्या असतात. म्हणजे एकाच मागावरून एकाच दिवशी दोन्ही रंगांच्या साड्या निघताहेत, आणि थंडी पडली की एका रंगाचं प्रमाण वाढतंय.


हिंडलग्याचा_डॉक्टर
रविवार, दुपारी ३:२०

माणसाच्या बाजूने थोडी भर. आपल्या मेंदूत ग्लुटामेट रिसेप्टर या दारासारख्या प्रथिनाच्या एका घटकात एका जागी जवळपास १०० टक्के झेरॉक्सवर संपादन होतं, ग्लुटामिनच्या जागी अर्जिनिन बसतो. त्यामुळे त्या दारातून कॅल्शियम आत शिरत नाही. उंदरांत ही एक जागा संपादन न होण्यासारखी केली की पिल्लांना झटके येतात आणि ती तीन आठवड्यांच्या आसपास दगावतात. २००० मध्ये उलटा प्रयोग झाला. ज्या उंदरांत ते संपादक एन्झाइमच काढून टाकलं, त्यांच्या दप्तरातच 'जी' लिहून दिला तर ते जगले. मग निसर्गाने दप्तरातच 'जी' का लिहिला नाही, हा प्रश्न मला शिकत असल्यापासून छळतो. ताईंचं काठीचं स्पष्टीकरण वाचताना तोच आठवला.

उपचारांच्या चाचण्यांतही हे आता आलंय. यकृतात बनणाऱ्या अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाच्या आनुवंशिक दोषात चुकीचा 'ए' असतो. छोटा आरएनए तुकडा देऊन रुग्णाच्याच शरीरातलं एडार त्या जागी बसवायचं, आणि यकृतातून बरोबर प्रथिन मिळवायचं. २०२४ मध्ये माणसात हे पहिल्यांदा घडल्याचं जाहीर झालं. डीएनए कापायचा नाही, म्हणून औषध थांबवलं की बदलही ओसरतो. रुग्णाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.


कडोलीचे_आजोबा
रविवार, संध्याकाळी ६:३०

मी निवृत्त मराठी शिक्षक. शास्त्रातलं फारसं कळत नाही, पण शब्दाबद्दल बोलतो. मास्तर कधी 'बदल' म्हणतात, कधी 'संपादन'. मुलांना कोणता शब्द द्यायचा ते ठरवा. 'दुरुस्ती' म्हटलं तर मूळ चुकीचं होतं असा अर्थ होतो, आणि अंटार्क्टिकाच्या ऑक्टोपसचं मूळ काही चुकलेलं नव्हतं. 'संपादन' बरा, पण नववीच्या मुलाला तो वर्तमानपत्राच्या कचेरीतला वाटतो.

आपल्याकडे शेजारी एक शब्द आहे. कन्नडात 'तिद्दु' म्हणजे चूक सुधारणे, आणि बाळाने पाटीवर अक्षर गिरवणे यालाही 'तिद्दु'च म्हणतात. तेच अक्षर, त्याच्यावरूनच हात फिरवायचा, तरी काहीतरी घडतं. माणकी हेच करते असं मला वाटलं. आपल्या गावांत निम्मी मुलं घराबाहेर कन्नड बोलतात, त्यांना हा शब्द लगेच कळेल. पुस्तकात 'संपादन' लिहा, फळ्यापाशी 'तिद्दु' सांगा.


जांबोटीचा_मास्तर
रविवार, रात्री ९:०५

आजोबा, दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. वर्गातल्या अकरा मुलांची मायबोली कन्नड आहे, त्यांना हे आपलं वाटेल.

डॉक्टर, उंदरांचा तो उलटा प्रयोग मी पहिल्यांदाच ऐकला. सोमवारी मुलांपुढे नुसता प्रश्न म्हणून ठेवतो, उत्तर न देता.

काकूंना पातीबद्दल सांगायचं राहिलं होतं. माणकीच्या पाठीतली ती लांबट, पारदर्शक पात म्हणजे तिच्या पूर्वजांच्या शंखाचा अवशेष. ज्यांनी शंख बाहेर वागवला ते गोगलगाय, शिंपले झाले. यांनी तो आत घेतला, पातळ केला आणि पोहायला सुटले. ऑक्टोपसात तर त्याच्या बारीक काड्याच उरतात. शनिवारी हे सांगून झाल्यावर, ज्याने परग्रहाचा प्रश्न विचारला होता त्याच्याच हातात ती पात दिली. त्याने ती उजेडात धरली आणि बराच वेळ आरपार बघत राहिला. मग म्हणाला, "सर, हे शिंपल्यागतच लागतंय हाताला." नळावर धुऊन, रुमालात पुसून त्याने ती कंपासपेटीत ठेवली. मामाला दाखवायची आहे म्हणे.


येळ्ळूरचं_शिवार
रविवार, रात्री ९:३०

मास्तर, नातीला घिऊन येऊ काय फुडच्या शनवारी? सातवीत हाय. माणक्या मी आणतो बेळगावास्नं.


जांबोटीचा_मास्तर
रविवार, रात्री ९:३४

या की. आठला शाळा भरते. माणक्या चार आणा, बर्फात घालून. आणि एक बारीक टोकाची कात्री.